वन्संची माफी

ज्या खनिजावर मी काम करते त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की ऐकणारे दोनच गोष्टी करतात. काही जण त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन येतात, आणि काही जण घरात असलेली बाटली उचलून कचऱ्यात टाकतात. नंतर दोघेही मलाच फोन करतात. जस्त, तांबं, सेलेनियम यांच्या गोतावळ्यातलं एक, शरीराला अगदी कणभर लागणारं, एवढं कळलं तरी पुरे.

माझा नवरा ते गोळीतून घ्यायचा. मी द्यायचे म्हणून घ्यायचा. त्याच्या किडन्या हळूहळू थकत चालल्या होत्या, डॉक्टरांनी पथ्यपाणी लिहून दिलं होतं, आणि हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. कुठल्याशा अभ्यासात वाचलं, या गोळीनं ताकद टिकते. लगेच आणली. तो तिला ‘खडा’ म्हणायचा. ‘आण तुझा खडा,’ म्हणून सकाळी हात पुढे करायचा आणि गिळून झाला की मला जीभ काढून दाखवायचा. डॉक्टरांना मी विचारलं होतं. ‘घ्या, काही बिघडत नाही,’ असं ते मान वर न करता म्हणाले होते.

तो गेला त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वन्संनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, सगळ्यांदेखत मला विचारलं, ‘काय चारत होतीस गं माझ्या भावाला?’

त्यानंतर वन्संनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आम्हाला मूल नव्हतं. सासू-सासरे आधीच गेले होते. तो शिंक यायच्या आधी नाक धरून कसा थांबायचा आणि शिंक आलीच नाही की कसा रुसायचा, हे माहीत असलेल्या आम्ही दोघीच जगात उरलो होतो, आणि त्या दोघींत अबोला. असा काही वर्षं चालला.

मी एका संशोधन संस्थेत आकडेमोड करते. माझ्या संगणकात लाखो माणसं आहेत. त्यांनी आपलं रक्त दिलंय, जनुकं वाचू दिलीत, वजन-उंची-आजार सगळं सांगितलंय, फक्त नाव तेवढं काढून घेतलंय. दिवसभर मी या माणसांत असते. संध्याकाळी घरी येते, कुलूप काढते, आणि आत पाऊल टाकायच्या आधी दिव्याचं बटण शोधते, कारण आतून दिवा लावणारं कोणी नाही. फ्रिज अधूनमधून घरघर करतो तेवढाच आवाज. एकदा तो बिघडला तर मला रात्रीची झोप लागेना. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘आता आवाज येणार नाही बघा.’ मी त्याला म्हटलं, ‘थोडा राहू द्या.’ त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याला बोलवायची माझी हिंमत झाली नाही.

गोळीनं किडनी बिघडते का, हा प्रश्न साध्या मोजणीनं सुटत नाही. गोळ्या घेणारे लोक बहुधा आधीच आजारी असतात, नाहीतर तब्येतीच्या बाबतीत फाजील काळजीखोर असतात. त्यांची तुलना इतरांशी केली की सगळा गोंधळ. म्हणून आम्ही जनुकांकडे जातो. काही माणसांच्या रक्तात हे खनिज जन्मापासूनच जरा जास्त असतं, काहींच्या जरा कमी. ते त्यांनी ठरवलेलं नसतं, दुकानातून आणलेलं नसतं, बायकोनं चारलेलं नसतं. मग बघायचं, जन्मापासून जास्त असलेल्यांच्या किडन्या पुढे जास्त खराब होतात का. होत असतील तर खनिजावर संशय पक्का.

हा विषय मीच सुचवला. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, बाईंनी सोयीचा विषय शोधला. मला शोधनिबंधाशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्याला मारलं का, एवढंच मला विचारायचं होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पहिलं उत्तर आलं की ते कोणालाही सांगायचं नाही, आधी शंकासुराला दाखवायचं. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी. निवृत्तीला आलेत, आवाज मऊ आहे, आणि त्यांना कुठलंही उत्तर आवडत नाही. चहा आणून दिला तरी आधी वास घेऊन बघतात. पण माझं उत्तर आलं तेव्हा त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं आणि ते लांबच्या रजेवर गेले होते.

उत्तर स्वच्छ होतं. आलेखातली रेघ तिरकी, ठसठशीत. खनिज जास्त, किडनी वाईट. मी खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, खाली पार्किंगमध्ये एक माणूस आपल्या स्कूटरचा आरसा पुसत होता. तो पुसून जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग परत येऊन सगळं पुन्हा चालवलं. रेघ तीच.

शंकासुर येईपर्यंत थांबायला हवं होतं. मला थांबवेना. घरी येऊन मी वन्संना फोन लावला. खरं सांगायचं तर गुन्हा कबूल करायची घाई होती तितकीच आणखी एक घाई होती. इतक्या वर्षांत वन्संना फोन करायला मला पहिल्यांदाच एक कारण मिळालं होतं.

‘वन्सं, मी बोलतेय.’

पलीकडे नुसता श्वास.

‘तुमचं बरोबर होतं. गोळ्यांबद्दल. मी आता ते आकड्यांत बघितलंय.’

मला वाटलं, ठेवला फोन. मग त्या म्हणाल्या, ‘जेवलीस का?’

त्या रविवारी वन्सं आल्या. दारात चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्यावरून बोट फिरवून बघितलं. ‘एकटं राहायचं म्हणजे असं राहायचं होय?’ म्हणाल्या आणि पदर खोचून भांडी घासायला लागल्या. मी मध्ये पडले तर मला ढकललं. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले, अगदी हमसून. त्यांनी नळ बंद केला नाही, मागे वळून बघितलंही नाही. फक्त म्हणाल्या, ‘हातून घडलं तुझ्या. मुद्दाम नाही केलंस. मी माफ केलंय तुला. आता विषय संपला.’

विषय संपला नाही, पण रविवार सुरू झाले. वन्सं सकाळीच यायच्या, जाताना उन्हं उतरलेली असायची. येताना आपली उशी घेऊन यायच्या, कारण माझ्या घरच्या उशा म्हणे दगडाच्या. दुपारी आडव्या होऊन भावाच्या गोष्टी सांगायच्या. लहानपणी त्यानं शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पाढे शिकवायला घेतले होते. कुत्रा सातच्या पाढ्याला अडला म्हणून रडला होता. तो, कुत्रा नव्हे. मी त्याच्या मोठेपणीच्या गोष्टी सांगायचे. दोघींचं मिळून त्याचं आख्खं आयुष्य व्हायचं. शनिवारपासूनच मला उत्साह यायचा. भाजी दोघींची घ्यायची असायची, आणि भाजीवालीला मी ते मुद्दाम ऐकवायचे: ‘जरा जास्त घाला, आमच्याकडे नणंद यायची आहे.’

एकदा मी त्यांना माझं कामही समजावलं. जनुकं जन्माच्या वेळीच वाटली जातात, पुढच्या सवयींचा त्यात हात नसतो, वगैरे. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘म्हणजे नशीबच की गं,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त तुम्ही ते मोजता.’

‘मोजतो, पण एकेकट्याचं नाही सांगता येत. लाखो लोकांचं मिळून सांगता येतं.’

‘मग शाळेचा निकाल लागल्यासारखं झालं. शाळेचा निकाल चांगला आणि आपलं कार्टं नापास.’ आणि आपल्याच बोलण्यावर त्या खूप हसल्या. नाक धरून हसायची लकब भावासारखीच. मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

शंकासुर आजोबा होऊन परतले. पेढे-बिढे नाहीत, थेट खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसले. रेघ बघितली. हुं केलं. मग मी वापरलेल्या जनुकांच्या जागांबद्दल ते एकेक करून विचारायला लागले.

‘ही जागा खनिजाची आहे हे तुला कोणी सांगितलं?’

‘कोणी म्हणजे? ही जागा वेगळी असली की रक्तात खनिज वाढतं. आकडाच सांगतोय.’

‘वाढतं. पण का वाढतं?’

त्यांनी पडद्यावर दुसऱ्या खिडकीत काहीतरी उघडलं. ‘ही किडनीची जागा आहे बाई. जन्मतः किडनी जरा अधू. अधू किडनी हे खनिज बाहेर टाकू शकत नाही, म्हणून रक्तात साचतं. ही पण तशीच. आणि ही. मोरी तुंबली म्हणून पाणी साचलंय, आणि तू म्हणतेस साचलेल्या पाण्यानं मोरी तुंबली.’

ही चूक आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचू शकते. आजाराची खूण घ्यायची आणि तिलाच आजाराचं कारण म्हणून उभं करायचं, तेही इतक्या सफाईनं की आलेख बघून टाळ्या पडाव्यात. नवीन मुलांना मी याच चुकीवरून झापलंय.

शंकासुरांनी त्या जागा काढून टाकल्या. उरल्या त्या खऱ्या खनिजाच्या. पुन्हा चालवलं. रेघ आडवी पडली. त्यांनी वेगळ्या रीतीनं चालवलं, दुसऱ्या देशातल्या लोकांवर चालवलं. आडवीच. खनिज जास्त असो की कमी, किडनीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गोळ्यांनी माझ्या नवऱ्याचं काही बिघडवलं नव्हतं. काही सुधारलंही नव्हतं.

‘वाईट वाटून घेऊ नकोस,’ शंकासुर म्हणाले. ‘काही संबंध नाही, हेही उत्तरच असतं.’

बाथरूममध्ये जाऊन मी तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून हसले. मी नाही मारलं. मोठ्यानं म्हणून बघितलं. मग ते हसू आपोआप आटलं, कारण दुसरी गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं रोज सकाळी मी त्याच्या हातावर जे ठेवत होते ते काहीच नव्हतं. मी काहीतरी करतेय असं मला वाटत होतं, आणि तोही मला तसं वाटू देत होता, जीभ काढून. दोषी होते तोवर निदान त्याच्या आयुष्यात माझ्या हातून काही घडलं होतं.

आणि मग वन्सं आठवल्या. रविवार दोन दिवसांवर होता.

सांगायचं की नाही, यावर मी जितका विचार केला तितका लग्न करतानाही केला नव्हता. न सांगितलं तर काय बिघडणार होतं? निबंधात खरं छापून येईल, जगाला खरं कळेल. वन्सं काही आमचं मासिक वाचत नाहीत. माझ्या घरात एक चुकीचं उत्तर राहील, आणि त्या उत्तरामुळे घरात माणूस येईल. सौदा मला वाईट वाटेना. मी ठरवलं, गप्प बसायचं. त्या रविवारी गप्प बसले. पुढच्याही रविवारी बसले. माफी रोजच्या पोळीसारखी वाढली जात होती आणि मी खात होते.

मग एका रविवारी वन्संना सोडायला जिन्यापर्यंत गेले, तर समोरच्या दारातले पेन्शनर काका भेटले. त्यांनी विचारलं, ‘या कोण?’ वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘ही माझी भावजय. माझ्या भावाच्या बाबतीत हिच्या हातून चूक झाली. पण मी मनात ठेवलं नाही. माणूसच आहे, चुकतं.’ त्यांचा आवाज इतका मायेचा होता की काकांचे डोळे पाणावले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, खुन्याकडे बघून दयाळू माणूस हलवेल तशी.

माझं डोकं सटकलं. ‘वन्सं, जरा आत या.’

आत आल्यावर मी सगळं सांगितलं. मोरी, पाणी, अधू किडनी, आडवी रेघ. वन्सं खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, उशी मांडीवर. मध्येच त्यांनी कागद मागितला आणि म्हणाल्या, ‘पायऱ्या दाखव.’ मी बाण काढून दाखवले. हा बाण असा धरला होता, तो असा आहे. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन एक बाण स्वतः गिरवला. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई. मी दुसऱ्यांदा सांगायच्या आधी त्यांना कळलं होतं.

‘तुझे ते शंकासुर चुकले नसतील कशावरून?’

‘सगळ्या बाजूंनी तपासलंय.’

‘मग माझ्या भावाला कशानं नेलं?’

‘आजारानं.’

‘आजारानं,’ त्या म्हणाल्या. वर्गात एखादं पोर भलतंच उत्तर देतं तेव्हा बाई ते पुन्हा उच्चारतात, तसं.

‘त्याच्याबद्दल नक्की असं माझे आकडे काही सांगत नाहीत,’ मी म्हटलं. ‘पण गोळ्यांवर बोट ठेवायला आता जागा नाही.’

त्यांनी उशीची शिवण नखानं टोकरली. मला वाटत होतं, आता त्या मला जवळ घेतील. खरंच वाटत होतं. सुटलीस गं बाई तू, असं काहीतरी म्हणतील. माझी सुटका झाली होती, त्यात त्यांना आनंद होईल, एवढंच माझ्या डोक्यात.

‘तो गेला त्या दिवशी,’ वन्सं म्हणाल्या, ‘तू व्हरांड्यात बाकावर बसली होतीस. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी बघितलं होतं. बघूनही बोलले.’

‘जाऊ द्या ना, वन्सं.’

‘आणि नंतर इतकी वर्षं…’ त्या उठल्या. ‘दुकान बंद होईल. दूध घ्यायचंय.’

‘मी काही मनात ठेवलेलं नाही,’ मी घाईघाईनं म्हटलं. ‘तुम्हाला वाईट वाटायचं काही कारणच नाही. मी कधीच माफ…’

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दाराकडे वळल्या. चपला घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. एरवी घेत नसत. उशी घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी फोन केला तर म्हणाल्या पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी घरी पाहुणे होते. वन्संकडे कसले पाहुणे येणार? मी तर इथं बसले होते. नंतर त्या फोन उचलेनाशा झाल्या. भाजीवालीनं विचारलं, ‘ताई, नणंदबाईंची भाजी?’ मी म्हटलं, घाला. ती आठवडाभर फ्रिजमध्ये राहून मऊ पडली.

माफ करायला यायचं म्हटलं तर वन्सं दोन बस बदलून यायच्या. माझी माफी घ्यायला त्यांना जिनाही चढवेना. मला राग आला त्यांचा. मी इतकी वर्षं गुन्हेगार म्हणून राहिले, यांना चार रविवार राहवेना? मग राग गेला, आणि घर पुन्हा पूर्वीसारखं गप्प झालं. पूर्वी त्याची सवय होती. आता ती मोडली होती, आणि पुन्हा लागायला तयार नव्हती.

शेवटी मीच गेले. पत्ता माहीत होता, घर बघितलं नव्हतं किती वर्षांत. तिसरा मजला, दारावर पितळी कडी, बाहेर पायपुसणं, त्यावर वन्संच्या चपला शेजारी शेजारी. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी घंटा वाजवली. रेडिओ बंद झाला.

‘वन्सं, मी आहे.’

दाराच्या पलीकडे पावलं आली आणि थांबली. दाराखालच्या फटीतून सावली दिसत होती. आमच्या दोघींमध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. मी कान दिला तर त्यांचा श्वास ऐकू येत होता, फोनवर त्या दिवशी आला होता तसा. मला पुष्कळ बोलायचं होतं. तुम्ही मला हवं तर पुन्हा दोष द्या, असंही म्हणायची माझी तयारी होती. तोंडातून फक्त पुन्हा तेच आलं, ‘वन्सं, उघडा ना.’

‘घरी कोणी नाही,’ आतून वन्संच म्हणाल्या.

शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावून गेलं.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘त्या आल्या की सांगा, मी येऊन गेले.’

सावली हलली नाही.

‘सांगते,’ वन्सं म्हणाल्या.